तक्रार खरी असते

आमच्या दुकानात येणारी माणसं बोलायला सुरुवातच मुळी "हसू नका हं" अशी करायची. कॉम्प्युटर बिघडला हे सांगायला कुणी लाजत नाही. पण आपला कॉम्प्युटर फक्त पाहुणे आले की बंद पडतो, किंवा दसऱ्यानंतर हटकून रुसतो, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे माणूस ओशाळतो. इतर दुकानांत अशांना वाटेला लावायचे. "फॉरमॅट मारून देतो" आणि "नवीनच घेऊन टाका" हे दोन मंत्र तेव्हाही होतेच. आमच्याकडे मात्र मंदाताई खुर्ची पुढे ओढायची, अंबाड्यात खोचलेला स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "सांगा. पहिल्यापासून सांगा. मी हसत नाही. हसायला ही शैला आहे."

शैला म्हणजे मी. नव्वदच्या दशकात नाशिकला इंदिरानगरात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा गाळा होता. मंदाताई मशिनं दुरुस्त करायची आणि बाकीचं सगळं, म्हणजे फोन, टायपिंग, बिलं आणि गिऱ्हाइकांचा राग, माझ्याकडे. मी तिला ताई म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. ती मला रागात असली की "शैले" म्हणायची आणि रागात ती बऱ्याचदा असायची. माझाही स्वभाव काही साखरेचा नाही, त्यामुळे आमचं छान जमलं.

ती मूळची मखमलाबादची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. डिप्लोमा केला, सातपूरच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासायच्या कामाला लागली आणि एक दिवस तिथल्या सुपरवायझरशी वाजलं. नापास बोर्डावर पास म्हणून सही कर, असं तो म्हणाला. हिने बोर्ड त्याच्याच टेबलावर ठेवला, डबा उचलला आणि घरी आली. नवरा एकलहऱ्याला वीजनिर्मितीच्या कामात, स्वभावाने अगदी गरीब. वीज तयार करायची त्यांनी आणि तिचे घोटाळे निस्तरायचे हिने, अशी त्या संसाराची वाटणी होती.

मंदाताई खळ दिलेल्या सुती साड्या नेसायची. अंबाड्यात एका बाजूला स्क्रू ड्रायव्हर आणि हंगाम असला तर दुसऱ्या बाजूला शेवंतीचं फूल. पिशवीत मल्टिमीटर, रंगाऱ्याचा एक मऊ ब्रश, आणि शाळेतल्या पोरांचं असतं तसलं खोडरबर. मेमरीच्या पट्टीवरचे सोनेरी दात ती त्या खोडरबराने पुसायची आणि निम्मी मशिनं तेवढ्यानेच सुरू व्हायची. बाहेरगावचं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी आमच्या दोघींकडे बघायचं, मग आमच्या मागच्या भिंतीकडे बघायचं आणि विचारायचं, "साहेब कुठायत?" मंदाताई म्हणायची, "साहेब मीच. बसा."

कुणी म्हणेल, बाई मोठी साधी होती. मुळीच नव्हती. नम्रपणा तिच्या वाटेला कधी गेला नाही. बिघाड सापडला की ती तो आल्यागेल्याला सांगायची, शेजारच्या इस्त्रीवाल्यालाही सांगायची, आणि दरवेळी गोष्टीत थोडी फोडणी वाढलेली असायची. सापडला नाही तर मात्र दिवसभर कुणाशी बोलायची नाही. काम होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरचा चहाही घ्यायची नाही. लोकांना वाटायचं केवढं हे तत्त्व. खरं कारण असं की चहा घेतला की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला पलंग सरकवा, कपाट हलवा असं सांगता येत नाही.

तिचं एक म्हणणं होतं. तक्रार खरी असते, कारण खोटं असतं. माणूस जे घडलं म्हणून सांगतो ते बहुतेक वेळा घडलेलंच असतं. कशामुळे घडलं म्हणून तो जे सांगतो, तिथे तो घसरतो. आपण शहाणे काय करतो, कारण वेडगळ आहे म्हणून तक्रारच फेकून देतो. मी तर रोजच फेकत होते. फोनवर कुणी काही भलतंच सांगितलं की मी तोंडावर हात ठेवायचे आणि मंदाताई माझ्या हातातून रिसीव्हर काढून घ्यायची.

येवल्याच्या एका कांदा व्यापाऱ्याचं तसंच झालं. अण्णा म्हणायचे त्यांना सगळे. हौसेने कॉम्प्युटर घेतलेला, बैठकीच्या खोलीत मधोमध मांडलेला. ते दुकानात आले ते घाम पुसतच.

"ताई, हसू नका, पन पाव्हनं आलं का हे डबडं बंद पडतंय. एरवी दिवसदिवस चालतं. पाव्हनं आलं, दाखवाया गेलं, का गपकन बंद. लय इज्जत जाती हो माझी. आमची मंडळी म्हनती दृष्ट लागती."

मी मान खाली घालून बिलं लावायला लागले. मंदाताईने विचारलं, "पाहुणे आले की घरात काय काय करता?"

"काय करनार? पानी देतो, च्या ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने येवल्याला गेलो. मशीन व्यवस्थित सुरू होतं. मंदाताईने त्याला हातही लावला नाही. अण्णांना म्हणाली, "मी आता बाहेर जाते आणि परत येते. मला पाहुणी समजा. रोज करता तसंच सगळं करा, काही सोडू नका." आणि खरंच ओसरीच्या खाली उतरली, पदर सारखा केला आणि दारात येऊन उभी राहिली. अण्णा बिचारे गोंधळले, पण पाहुणचाराची सवय हाडात मुरलेली. "या, या, बसा. लय ऊन हाय आज," म्हणत त्यांनी सतरंजी झटकली, आत पाण्यासाठी आवाज दिला आणि जाता जाता कोपऱ्यातल्या कूलरचं बटण दाबलं. कूलर घरघरला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

अण्णा कूलरकडे आणि कॉम्प्युटरकडे आळीपाळीने बघत राहिले. दोन्ही विजेच्या एकाच बोर्डावर होते आणि तो म्हातारा कूलर सुरू होताना सगळी वीज ओढून घ्यायचा. एकट्यासाठी अण्णा कधी कूलर लावत नसत. "दृष्ट नाही अण्णा," मंदाताई म्हणाली, "तुमचा पाहुणचार नडतोय." मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्यायला सांगितली आणि मग निवांत चहा प्यायली. परतीच्या एस.टी.त तिने ती गोष्ट शेजारच्या बाईला सांगितली, त्यात कूलरमधून ठिणग्याही उडाल्या.

दसऱ्याचा मोसम तर आमच्या धंद्याचा सुगीचा. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, तशी कॉम्प्युटरचीही करतात. भक्ती जास्त, आणि फटी कुठे कुठे आहेत ते माहीत नाही. हळदकुंकू आत, ओली फुलं वर, आणि अक्षता नेमक्या फ्लॉपी घालायच्या खाचेत. एका खताच्या दुकानातलं मशीन तिने उलटं करून झटकलं, तर इतके तांदूळ पडले की एखादं लग्न उरकलं असतं. पण पूजा करू नका असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या स्वतःच्या मल्टिमीटरला झेंडूची माळ असायची. गिऱ्हाइकांना सांगायची, "कुंकू कागदाला लावा, कागद मशीनवर ठेवा. देवाला चालतं, मी विचारलंय."

चुकायचीही, आणि चुकली की बघण्यासारखी व्हायची. नाशिकरोडच्या एका छोट्या वाचनालयातला कॉम्प्युटर दुपारी आपोआप पीं पीं करायचा. मंदाताईने तो उघडला, बॅटरी बदलली, परत गेली, पुन्हा उघडला. मदरबोर्ड आतून तडकतोय असं निदान केलं आणि ते इस्त्रीवाल्यापर्यंत पोचवलंही. शेवटी ग्रंथपालबाईंनी टेबलाचा खण उघडला, तर आवाज मोठा झाला. खणात त्यांच्या मुलाचं गजराचं घड्याळ पडलेलं होतं. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिले. मंदाताई तोंड वाकडं करून म्हणाली, "पण आवाज येत होता की नाही? येत होता ना? मग?" त्या घड्याळाचं नाव पुढे महिनाभर तरी दुकानात काढायची सोय नव्हती.

असे किस्से आठवायला बसलं तर सरायचे नाहीत. पण मंदाताई खरी केवढी होती हे मला कळलं ते पंचवटीतल्या एका छापखान्यात.

संजय नावाचा तरुण छापखानावाला एका सकाळी दुकानात आला. वडील गेल्यावर त्याने छपाईचे शिशाचे खिळे विकून टाकले होते आणि कॉम्प्युटर घेतला होता. आईचा, म्हणजे नानींचा, त्याला विरोध होता. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. त्या थंडीत त्याचं स्वतःचं लग्न झालं. बायको जयश्री सिन्नरची, मराठी टायपिंग उत्तम शिकलेली. घर पुढे, छापखाना मागे; सगळं कसं जुळून आलेलं. मग उन्हाळा लागला, लग्नसराईची कामं आली, जयश्री मशीनवर बसू लागली आणि मशीन बंद पडू लागलं.

"हसण्यासारखं नाहीच आहे खरं तर," संजय म्हणाला. "ती बसली की पडदा थिजतो, नाहीतर मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं. केलेलं सगळं जातं. मी बसलो की चालतं. शेजारच्याला बसवून पाहिलं, चालतं. एकाने येऊन आतलं काय काय बदलून दिलं, तरी तेच. आई म्हणते, पायगुण आहे. लग्नसराई उरकेपर्यंत तिला सिन्नरला पोचवून ये म्हणते."

"आणि तुम्ही काय म्हणता?" मंदाताईने विचारलं.

तो फरशीकडे बघत राहिला. "मी तुमच्याकडे आलो ना," म्हणाला.

मला त्या मुलाची कीवही आली आणि रागही आला. लग्नसराई उरकेपर्यंत म्हणजे काय हे बायकांना सांगावं लागत नाही. नव्या सुनेला असा शिक्का मारून माहेरी धाडली की ती परत येते तेव्हा शिक्काही बरोबर येतो. आणि परत आणतातच असंही नाही.

आम्ही दुपारी गेलो. कैऱ्या वाळवायचं ऊन होतं. नानी दारातच बसलेल्या होत्या, सुती नऊवारी, कपाळ मोठं, आवाज करडा. चहा विचारला, मंदाताईने नंतर म्हणून सांगितलं. ती मशीनवर बसली, चार ओळी टाइप केल्या, फ्लॉपी घातली, काढली. काही झालं नाही. मग मला बसवलं. काही झालं नाही.

"बगा," नानी म्हणाल्या. "तुमी बसल्या, चाललं ना? आता तिला बसवा."

जयश्री आतल्या दाराशी उभी होती, पदर हातात गच्च धरून. "नको ताई," ती म्हणाली. "परत सगळं जाईल. मी हात लावत नाही, म्हणजे चालेल."

तिचं ते बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं. त्या पोरीलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"बस," मंदाताई म्हणाली. "मला बघायचंय."

जयश्री बसली. बोटं भराभर चालत होती, हात खरोखर छान होता. एक मजकूर संपला, ती उठून दुसरा कागद घेऊन आली, पुन्हा बसली, फ्लॉपीसाठी हात पुढे केला आणि पडदा थिजला. नानींनी कपाळाला हात लावला. त्यांना आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने उभा केलेला छापखाना बुडतोय हे त्या डोळ्यांनी बघत होत्या.

मंदाताई म्हणाली, "नानी, तुमचं खरं आहे. ही बसली की मशीन बंद पडतं."

मला वाटलं, आता ताईला इथेच धरून हलवावं. जयश्रीची मान पार खाली गेली. संजय भिंतीकडे बघायला लागला. मी डोळे वटारले, पण मंदाताई माझ्याकडे बघतच नव्हती. ती जयश्रीच्या हाताकडे बघत होती.

"तुला चटका बसतो का गं?"

जयश्रीने हात पदराआड घेतला. "बसतो," मग म्हणाली. "रोजच बसतो. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मलाच बसतो ना. म्हटलं, माझंच काहीतरी असेल."

मंदाताई एरवी कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. तेव्हा मात्र गप्प झाली. मग तिने जयश्रीची खुर्ची चाचपली. लग्नात आलेली, नवी कोरी प्लॅस्टिकची. साडीचा काठ बोटांत धरला. तीही आहेराची, नायलॉनची, मोठ्या फुलांची. "अशी दुसरी साडी आहे?" तिने विचारलं, आणि जयश्रीने काढून दिलेली पोपटी साडी घेऊन आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा मला हसू आवरेना. साडी आखूड, घोटे उघडे, आणि अंबाड्यात स्क्रू ड्रायव्हर तसाच. ती त्या खुर्चीत बसली, सरकली, उठली, पुन्हा बसली आणि एक बोट डब्याला लावलं. टच् असा बारीक आवाज झाला. पडदा थिजला.

"झाला माझाही पायगुण," ती म्हणाली.

नानी बधल्या नाहीत. "तुमी शिकल्यासवरल्या बायका. मुद्दाम काय केलं आसंल."

"मग तुम्ही बसा."

आता आपल्याला हाकलून देणार, असं वाटून मी पिशवी उचलली. नानींनी आयुष्यात सुती लुगड्याशिवाय काही नेसलं नसावं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग भिंतीला हात टेकून उठल्या.

"आना ती साडी," म्हणाल्या.

माणूस कसाही असो, ती बाई भित्री नव्हती. गोल साडी त्यांना नेसता येईना, तेव्हा जयश्री आत गेली आणि तिने सासूच्या निऱ्या काढून दिल्या. दोघी बाहेर आल्या. नानी खुर्चीत बसल्या, मंदाताईने सांगितलं तसं उठल्या, परत बसल्या आणि डब्याला हात लावला.

"आई गं!"

मशीन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागलं. नानी आपल्या बोटाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता स्वतःच्या पायगुणाबद्दल काही बोलतील. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हिला रोज आसं व्हतं?"

"हो," मंदाताई म्हणाली.

"आन बोलली नाय ती." त्या सुनेकडे वळल्या. "बोलायचं व्हतं की गं."

जयश्री रडायला लागली. मलाही आवरलं नाही, खोटं कशाला सांगू.

संजयला मात्र एकदम हलकं वाटलं होतं. "मग सोपं आहे," तो म्हणाला. "जयश्रीने सुती साडी नेसायची. झालं."

"झालं नाही!" मंदाताई इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या घराची खिडकी उघडली. "तिने काय नेसायचं ते हा डबा ठरवणार? उद्या तुम्ही टेरिकॉटचा शर्ट घालाल. मग तुम्हाला पाठवायचं का सिन्नरला? बिघाड साडीत नाही, तुमच्या घरात आहे. चला, अर्थिंग दाखवा."

मग तिने समजावून सांगितलं. कोरड्या हवेत नायलॉन प्लॅस्टिकवर घासलं की अंगात वीज साठते. ती थोडीच असते, पण तिला जमिनीत जायला वाट लागते. या घरात ती वाटच नव्हती, म्हणून ती मशीनच्या पोटात शिरायची. परसात भिंतीकडेला अर्थिंगचा खड्डा होता, वडिलांच्या वेळचा. कोळसा आणि मीठ घालून त्यात वायर पुरतात, आणि खड्डा ओला ठेवावा लागतो. तो ठणठणीत कोरडा होता आणि वायर गंजून हातात आली. पावसाळ्यात सगळं आपसूक ओलं असतं, आणि त्याआधी नायलॉन नेसून तिथे कुणी बसलंच नव्हतं, म्हणून कधी कळलं नव्हतं. लग्न थंडीत झालं, पाठोपाठ उन्हाळा आला, आणि दोष आला नव्या माणसाच्या वाट्याला.

संजयने खड्डा उकरला. खडेमीठ आलं, कोळसा आला, नवी वायर आणि पाइप आला. आता रोज पाणी कोण घालणार, हा प्रश्न होता. खड्ड्याला पाणी घाला असं सांगितलं तर माणसं आठवडाभर घालतात आणि विसरतात, हे मंदाताईला पक्कं माहीत होतं. तिने अंगणातली तुळशीची कुंडी उचलून त्या खड्ड्यावर ठेवायला लावली.

"अगं, मिठाने तुळस जळेल ना," मी म्हटलं.

"मी माळ्याची पोरगी आहे, शैले. कुंडीला खाली भोक आहे. पाणी खाली जाईल, मीठ वर येणार नाही." मग ती नानींकडे वळली. "नानी, हिला पाणी तुम्ही घालायचं. रोज, पोटभर. मशीन बंद पडलं तर पहिलं मी तुम्हाला विचारणार, पाणी घातलं होतं का म्हणून. सुनेला नाही विचारणार."

"घालीन की," नानी म्हणाल्या. "माझी तुळस हाय ती."

पोपटी नायलॉनची साडी अजून त्यांच्या अंगावरच होती. जयश्री तीच फुलांची साडी नेसून पुन्हा मशीनवर बसली, उठली, बसली, डब्याला हात लावला. चटका बसला नाही, पडदा हलला नाही. तिने थांबलेली पत्रिका उघडली आणि टाइप करायला घेतली. नानी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभ्या होत्या. मंदाताईने तेव्हा चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली.

पुढच्या उन्हाळ्यात जयश्रीचा फोन आला तेव्हा मी आधी मशीनचंच विचारलं. ती म्हणाली, "काही नाही हो, कुणाची पत्रिका छापायची असेल तर सांगा." नंतरही ती अधूनमधून फोन करत राहिली. छापखाना तिने आणि संजयने चांगला वाढवला.

दोन हजारनंतर हळूहळू आमचं काम कमी होत गेलं. मशिनं स्वस्त झाली, लोक दुरुस्तीपेक्षा बदलू लागले. त्याचं मंदाताईला फार दुःख झालं असं नाही. "आता बिघाडच राहिले नाहीत पहिल्यासारखे, सगळे मेले एकसारखे," एवढंच म्हणाली. मालकाने गाळा मागितला, आम्ही देऊन टाकला. मी एका शाळेच्या कार्यालयात लागले. तिचे यजमान निवृत्त झाले आणि दोघं मखमलाबादला राहायला गेली. भावाने वाटणीत तिला शेताचा कोपऱ्यातला तुकडा दिला होता, त्यात एक जुनी कोरडी विहीर. पाटाचं पाणी आल्यापासून त्या विहिरीकडे कुणी फिरकतही नव्हतं. बहिणीची बोळवण केली, असं लोक म्हणाले. ती मात्र खुशीत होती.

मी तिला भेटायला गेले ती सकाळची. ती शेवंतीत होती, साडी वर खोचलेली, पाय चिखलात, हातात फावडं. वाफ्यांमधल्या दंडातून स्वच्छ पाणी वाहत होतं.

"पाटाला पाणी सुटलंय वाटतं?" मी विचारलं.

"पाटाचं नाही. चल, दाखवते."

तिने मला विहिरीच्या काठाशी नेलं. खाली बऱ्यापैकी पाणी होतं, त्यात आभाळ दिसत होतं. ती काठावर बसली आणि मलाही बसवलं.

"मी जन्मले ना, त्या साली हिचं पाणी गेलं," ती म्हणाली. "आत्या म्हणायची, पोरीच्या पायाने गेलं. मला लहानपणी इकडे फिरकू द्यायचे नाहीत. मी दिसले की बायका पदर तोंडाला लावायच्या. वडील कधी बोलले नाहीत तसं. पण नाही असंही म्हणाले नाहीत."

इतक्या वर्षांत हे तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला तिचा हात धरावासा वाटला आणि मी धरला.

"मग?"

"मग काय? तुकडा ताब्यात आला तशी माणसं खाली उतरवली. भरमसाट गाळ निघाला. आणि कडेची एक दरड कोसळून झऱ्याच्या तोंडावर बसली होती. ती काढली, दुसऱ्या दिवशी पाणी." ती खाली बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मोठं समाधान होतं. "इतकी वर्षं सगळे माझ्याकडेच बघत बसले, शैला. कुणी खाली उतरलंच नाही."

माझे डोळे भरून आले. मी त्या न पाहिलेल्या आत्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. तेवढ्यात घरातून थरथरत्या आवाजात हाक आली, "मंदे, आगं च्या निवतोय! पाव्हनीला घिऊन ये!"

"हे कोण?" मी विचारलं.

"आत्याच," मंदाताई उठून पाय धूत म्हणाली. "असते माझ्याकडेच आता. दुसरं पाणी तिला गोड लागत नाही."